ग्लास अनियन: मलाच आवडला का? घरात दोन तट पडलेत (शेवटासकट सगळं लिहिलंय)

उत्तररात्र

आधीच सांगतो, खुनी कोण इथपासून सगळं खाली येणार आहे, ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर मला शिव्या नकोत.

तर झालं असं की 'वेक अप डेड मॅन' (नाइव्ह्ज आउट ह्या रहस्यपटांच्या मालिकेतला तिसरा) बघायचा होता, म्हटलं त्याआधी मधला भाग परत बघून घेऊ, म्हणून ग्लास अनियन लावला. मी, बायको, बहीण आणि भाऊजी. मी आणि बहीण पहिल्यापासून हसतोय, बायको शांतपणे एंजॉय करतेय, आणि भाऊजींनी साधारण तासाभराने मोबाइल काढला तो काढलाच. संपल्यावर एकच वाक्य, "डोंगर पोखरून उंदीर काढला". वर म्हणाले हा सस्पेन्स नाही, ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. मग जेवायला बसेपर्यंत आणि जेवून उठेपर्यंत तेच भांडण.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एक तर माइल्स ब्रॉन हाच खुनी असणार हे शेंबडं पोरगं पण सांगेल, अब्जाधीश, स्वतःचं ग्रीक बेट, पॅरिसहून मोनालिसा भाड्याने आणून दिवाणखान्यात लावलेली, अजून काय कपाळावर लिहायचं? दुसरं म्हणजे बरोब्बर मध्यावर पिक्चर थांबतो, मागे जातो आणि सांगतो की तुम्ही जिला अँडी समजत होतात ती अँडी नाहीच, तिची जुळी बहीण हेलन आहे, खरी अँडी आधीच मेलीये. म्हणजे पहिला एक तास आम्ही जे काय डोकं लावलं ते सगळं पाण्यात. आणि तिसरं, शेवटी पुरावा जळून गेला म्हणून हिने सगळं घरच फोडलं नि जाळलं, मोनालिसासकट. ह्याला उकल म्हणतात का?

मला ह्यातल्या पहिल्या दोन मुद्द्यांवर काहीतरी उत्तर आहे असं वाटतं पण नीट मांडता येईना. तिसऱ्यावर मी पण जरा गडबडलो. नेटवर बघितलं तर तिथेही तेच, अर्धे म्हणतात पहिल्या नाइव्ह्ज आउटपेक्षा धमाल, अर्धे म्हणतात पहिल्याच्या पासंगाला पुरत नाही. आयएमडीबीवर पहिला ८ च्या जवळ आणि हा ७ च्या आसपास. एकाच लेखक-दिग्दर्शकाचा (रायन जॉन्सन), डिटेक्टिव्ह तोच (बेन्वा ब्लँक), डॅनियल क्रेगचा तो लाडिक, अमेरिकेच्या दक्षिणेकडचा अ‍ॅक्सेंट पण तोच, मग एवढा फरक का पडावा? तुम्ही कुठल्या बाजूला?

गूळखोबरं

तुमच्या भाऊजींना माझा नमस्कार सांगा आणि मग हे वाचून दाखवा.

जुळ्या बहिणीवरून जो आक्षेप आहे तो नवीन नाही, १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या माणसाने (हा पाद्री होता आणि स्वतः रहस्यकथा पण लिहायचा) रहस्यकथेचे दहा नियम लिहून ठेवलेत, त्यातला दहावा नियमच जुळ्यांचा आहे. पण नियम काय आहे ते नीट बघा. जुळी भावंडं आणूच नका असं तो म्हणत नाही, वाचकाला आधी तयार केल्याशिवाय आणू नका असं म्हणतो. मग प्रश्न असा की रायन जॉन्सनने आपल्याला तयार केलं होतं का?

आठवा ती लाकडी पेटी. निमंत्रण म्हणून माइल्स सगळ्या मित्रांना कोड्यांची पेटी पाठवतो. क्लेअर, लायनल, बर्डी, ड्यूक, सगळे फोनवर एकत्र येऊन एकेक कप्पा सोडवत बसतात. आणि मग एका बाईला दाखवतात, ती काय करते? हातोडा आणते आणि पेटीचे तुकडे करते. आपण हसतो आणि पुढे जातो. पण अँडी म्हणजे माइल्सच्या कंपनीची अर्धी मालकीण, आख्खी कल्पना जिच्या डोक्यातून निघाली ती बाई, ती असली कोडी फोडेल का सोडवेल? फोडणारी बाई वेगळी आहे हे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत दाखवून झालंय. आणि शेवटी काचेचं सगळं घर फोडते ती पण हीच. तुमचा तिसरा मुद्दा पण त्याच हातोड्यात आला बघा.

दुसरं. ड्यूक अननसाच्या रसाने मरतो. त्याला अननसाची अ‍ॅलर्जी आहे हे कधी कळतं? बोटीवर चढायच्या आधी तो माणूस (ईथन हॉक, आला आणि गेला) सगळ्यांच्या घशात काहीतरी फवारतो तेव्हा ड्यूक विचारतो ह्यात अननस नाहीये ना. डेव्ह बॉटिस्टाएवढा आडदांड गडी, कमरेला पिस्तूल, आणि अननसाला घाबरतोय, आपण हसलो. क्लू गेला.

आणि सगळ्यात निर्लज्ज म्हणजे तो ग्लास. ड्यूक मरायच्या आधीचा सीन परत लावा. माइल्स स्वतःच्या हाताने ड्यूकच्या हातात ग्लास देतो, तुमच्या डोळ्यांसमोर, लपवलेलं काही नाही. मग ड्यूक मेल्यावर माइल्स बोंबलतो की अरे ह्याने माझा ग्लास उचलला, म्हणजे विष मलाच द्यायचं होतं कुणीतरी, आणि त्याच वेळी पिक्चर आपल्याला एक खोटी आठवण दाखवतो ज्यात ड्यूक टेबलावरून ग्लास उचलतो. आणि आपण काय करतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाच मिनिटांपूर्वी बघितलेलं सोडून ती खोटी आठवण खरी धरतो. मी पहिल्यांदा बघताना धरली. लाज वाटली नंतर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढीच त्या काचेच्या कांद्याची गंमत आहे. पापुद्रे सोलत बसा हवे तेवढे, मधे काय आहे ते बाहेरून दिसतंच आहे.

साधाभोळा_संशयित

मी भाऊजींच्या पार्टीत. आणि गूळखोबरं, तुम्ही सांगितलेले सगळे क्लू मला मान्य आहेत, मी ते दुसऱ्यांदा बघताना पकडले पण होते, तरी मला पिक्चर आवडत नाही. त्यामुळे "तुम्हाला कळला नाही" हे उत्तर प्लीज नको, हे ऐकून कंटाळा आलाय.

माझा प्रॉब्लेम क्लूंशी नाही, संशयितांशी आहे. एवढी मोठी गँग जमवायची, कॅथरिन हान, केट हडसन, लेस्ली ओडम ज्युनियर, बॉटिस्टा, जेसिका हेनविक, आणि मग त्यांना करायला काय दिलंय? क्लेअरला निवडणुकीसाठी माइल्सचे पैसे हवेत, लायनलला नोकरी टिकवायचीये, बर्डीला तिच्या भानगडीतून बाहेर पडायला पैसे हवेत, ड्यूकला माइल्सच्या चॅनलवर जागा हवीये. म्हणजे चौघांचा हेतू एकच, माइल्सची छत्री डोक्यावर राहू दे. कोर्टात अँडीविरुद्ध खोटी साक्ष पण चौघांनी एकाच कारणासाठी दिली. मग चार माणसं कशाला, एक पुरे होता की.

पहिल्या भागात थ्रॉम्बी कुटुंबातला एकेक जण आठवा. प्रत्येकाचं म्हाताऱ्याशी वेगळं भांडण, आणि सुरुवातीच्या जबान्यांमध्येच एकाच वाढदिवसाच्या रात्रीबद्दल प्रत्येकजण वेगळं खोटं बोलतो. इथे जबान्याच नाहीत, ब्लँकने कुणाला समोर बसवून उलटतपासणी केलीच नाही. हेलन घरभर कान देत फिरते तेवढंच. आणि पहिल्यात म्हाताऱ्याची नर्स मार्टा होती, खोटं बोललं की ओकारी येणारी, काय झालं ते आपल्याला (म्हणजे आपल्याला वाटतं तरी) लवकर कळतं आणि मग पुढचा सगळा वेळ ही पोरगी सापडते की काय ह्या धास्तीत जातो. ती धास्ती इथे कुठाय? हेलनला गोळी लागली तेव्हा वाटली होती, तर तीही डायरीत अडकली. डायरीत!! हे आता कुणी करतं का.

कॉमेडी म्हणून चांगला आहे, मान्य. पण मर्डर मिस्टरी म्हणून पाटी लावलीये ना मग.

तिसरी_घंटा

मला वाटतं कुठे आणि कुणाबरोबर बघितला ह्यावर खूप आहे. मी नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेत होते तेव्हा थिएटरमध्ये बघितला. नेटफ्लिक्सने तेव्हा फक्त एकच आठवडा, तोही सहाशेच्या आसपास थिएटर्समध्येच लावला होता आणि मग गप्प काढून घेतला, घरी यायला २३ डिसेंबर उजाडला. हॉल फुल्ल होता आणि लोक जे हसत होते की काही डायलॉग ऐकूच आले नाहीत.

त्यातले अर्धे विनोद हे लोकांनी एकमेकांकडे बघून हसायचे विनोद आहेत. सुरुवातीला २०२० च्या मे महिन्यातलं ते मास्कचं प्रकरण बघा. बर्डी जाळीचा मास्क घालून येते, ज्यातून वाराच काय माशीपण जाईल, क्लेअरचा मास्क नाकाखाली, ड्यूकने घातलेलाच नाही. एकही वाक्य न बोलता प्रत्येक माणूस काय लायकीचा आहे ते सांगून झालं. हॉलमध्ये एकेका मास्कला वेगवेगळा हशा होता. नंतर डिसेंबरात घरी टीव्हीवर परत लावला तर तोच सीन, मी एकटी, कणीक मळता मळता, आणि मला तो सीन लांबल्यासारखा वाटला. खरं सांगते.

आणि ब्लँक बाथटबमध्ये बसून ऑनलाइन गेम खेळतोय तो सीन. स्क्रीनवर अँजेला लान्सबरी आणि स्टीफन सॉन्डहाइम दिसले तेव्हा हॉलमध्ये आधी हशा आणि मग एकदम एक विचित्र शांतता. सॉन्डहाइम वर्षभरापूर्वीच गेले होते आणि लान्सबरीबाई त्याच ऑक्टोबरात. दोघांचंही ते पडद्यावरचं शेवटचं काम. बाईंनी १९८४ ते ९६ टीव्हीवर जेसिका फ्लेचर बनून खुनी पकडले, आणि सॉन्डहाइम हे नुसते संगीत नाटकवाले नव्हेत, १९७३ मध्ये त्यांनी अँथनी पर्किन्सबरोबर 'द लास्ट ऑफ शीला' नावाची मर्डर मिस्टरी लिहिली होती. त्यात काय आहे माहितीये? एक श्रीमंत माणूस मित्रांना आपल्या बोटीवर बोलावतो आणि त्यांना कोड्यांचा खेळ खेळायला लावतो. ओळखीचं वाटतंय ना? जॉन्सनने ते ऋण उघड मान्य केलेलं आहे.

आता हे माहीत नसेल तर बाथटबचा सीन म्हणजे उगाच चार ओळखीचे चेहरे आणून घुसडले असंच वाटणार, आणि मी त्या वाटण्याला चूक म्हणणार नाही. पिक्चरने सगळ्यांना ओळखपत्र विचारायचं नसतं.

खापरपणजोबा

दोन तट वगैरे काय घेऊन बसलात, आमच्या 'क्लू'ची गोष्ट ऐका. १९८५, जोनाथन लिन दिग्दर्शक, हो तोच 'येस मिनिस्टर' लिहिणाऱ्या दोघांतला एक. बोर्ड गेमवरून काढलेला पिक्चर, टिम करीचा बटलर, मॅडलिन कान, क्रिस्टोफर लॉइड, एका वाड्यात सगळे अडकलेले आणि खुनावर खून. तर ह्या लोकांनी शेवट केले तीन, आणि वेगवेगळ्या थिएटरला वेगवेगळा शेवट पाठवला! तुमच्या थिएटरला कुठला लागलाय त्यावर तुमचा खुनी ठरणार. म्हणजे दोन मित्र भांडताहेत, एक म्हणतो खुनी ही, दुसरा म्हणतो ती, आणि दोघंही बरोबर. प्रेक्षकांचे तट तर स्टुडिओनेच पाडून दिले होते.

आयडिया अशी होती की लोक तीनदा तिकीट काढतील. लोकांनी एकदाही नीट काढलं नाही. दीड कोटी डॉलरचा पिक्चर, कमाई त्याच्याही किंचित खाली. मग व्हिडिओ कॅसेट आली, टीव्हीवर लागायला लागला, तिथे तिन्ही शेवट एकापाठोपाठ जोडले, "असंही घडलं असतं" असं म्हणत, आणि शेवटचा तो खरा. आणि तेव्हापासून लोक त्याची पारायणं करताहेत, डायलॉग पाठ आहेत.

ह्यातून मला एक कळलेलं आहे. तीन तीन शेवट सारखेच फिट बसतात म्हणजे मधल्या क्लूंना काही अर्थच नाही, नॉक्ससाहेबांच्या हिशेबाने हा गुन्हाच. तरी कुणी त्याबद्दल तक्रार करत नाही, कारण ती माणसं एकमेकांवर जी धडकतात, ओरडतात, दारं उघडझाक करतात त्यात जीव आहे. संशयितभाऊ, तुमचा मुद्दा म्हणूनच मला पटतो. ग्लास अनियनमध्ये क्लू चोख आहेत पण माणसं एकमेकांवर पुरेशी धडकत नाहीत. त्यांचा सगळा वेळ माइल्सकडे तोंड करून जातो.

(ह्याच प्रकारचा १९७६ चा 'मर्डर बाय डेथ' पण आहे, नील सायमनचा, त्यात यजमान शेवटी सगळ्या नावाजलेल्या डिटेक्टिव्हांना झापतो की तुम्ही वर्षानुवर्षं वाचकांपासून क्लू लपवून त्यांना फसवलंत. तो बघा. फक्त पीटर सेलर्सने चिनी डिटेक्टिव्ह जो केलाय तो आज बघवत नाही.)

गूळखोबरं

@साधाभोळा_संशयित चौघांचा हेतू एकच आहे हे मला दोष वाटत नाही, तोच तर मुद्दा आहे. हे सगळे स्वतःला जगाचे नियम मोडणारे म्हणवतात ना, आणि प्रत्यक्षात सगळे एकाच माणसाच्या ताटाखालची मांजरं. चार वेगळे हेतू दिले असते तर हा विनोदच मेला असता. पण खापरपणजोबा म्हणतात ते, एकमेकांवर धडकत नाहीत, हे मात्र खरंय, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माइल्स खुनी हे आधीच कळतं ह्यावर मात्र बोलायचंय. कळतं कुठे? संशय येतो, आणि मग आपणच तो झटकतो, कारण "एवढा हुशार माणूस एवढं उघड करेल का" असं वाटतं. आपण त्याला हुशार का धरतो? श्रीमंत आहे म्हणून! पिक्चर तर पहिल्यापासून सांगतोय की गडी मठ्ठ आहे, नसलेले शब्द वापरतो, ते "इनब्रीथिएट" का काय ते, ब्लँक शेवटी यादीच काढतो त्या शब्दांची. खुनाची आयडिया पण स्वतःची नाही. दिवे घालवून गोळी मारायची, ते कुठून आलं? ब्लँकनेच त्याला त्याच संध्याकाळी समजावताना म्हटलं होतं की तू भरलेलं पिस्तूल टेबलावर ठेवून दिवे घालवल्यासारखं केलंयस. बिचाऱ्याने उपमा दिली, ह्याने ती अमलात आणली. ब्लँकला खुनापेक्षा त्या चोरीचा जास्त संताप येतो, मी तिथे खुर्चीवरून पडायचा बाकी होतो.

पाटीपेन्सिल

तेव्हा आठवतंय का, पिक्चर आला त्याच सुमारास ट्विटरची मालकी इलॉन मस्ककडे गेली होती, ऑक्टोबर २०२२ ला, त्यामुळे अर्ध्या लोकांनी हा मस्कवरच काढलाय असं धरून बघितला. शूटिंग २०२१ मध्येच संपलेलं होतं. आमच्या ऑफिसात दोघं तर पिक्चरबद्दल बोलतच नव्हते, मस्कबद्दलच बोलत होते. एकाला आवडला कारण मस्क आवडत नाही, दुसऱ्याला नाही आवडला कारण मस्क आवडतो. तिकडे अमेरिकेत एका राजकीय कॉमेंटेटरने तर ट्विटरवर लांबलचक तक्रार लिहिली होती की लेखकाने आपल्याला पहिला अर्धा पिक्चर भलतीकडेच नेलं. अरे बाबा, रहस्यपटाने अजून कुठे न्यायचं?

त्यामुळे ह्या पिक्चरच्या रेटिंगवर माझा फारसा विश्वास नाही, दोन्ही बाजूंच्या.

साधाभोळा_संशयित

@गूळखोबरं ती उपमेची चोरी मी विसरलो होतो, ते भारीच होतं, एक मार्क वाढवतो.

पण मोनालिसावर कुणीच बोलेना? एका खुन्याला अद्दल घडवायला पाचशे वर्षांचं चित्र जाळायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या? मी थक्क होऊन बघत होतो.

तिसरी_घंटा

मी टाळ्या नाही वाजवल्या. हॉलमध्ये पण अर्ध्यांनीच वाजवल्या, बाकीच्यांनी श्वास रोखला होता असं म्हटलं तरी चालेल.

पण त्यातली मेख बघा ना. चित्रासमोरची ती संरक्षक काच खट्टकन खाली पडते, साध्या मोबाइलच्या आवाजाने सुद्धा, आणि त्यावर आपण दहादा हसलोय. ती काच बंद करायची सोय कुणी करून घेतली होती? माइल्सने, स्वतःच्या हौसेखातर, चित्र मोकळं बघता यावं म्हणून. आणि आग एवढी का भडकली? तर त्याचंच ते क्लिअर नावाचं इंधन, जे सुरक्षित नाहीये असं लायनल ओरडून सांगत होता आणि ह्याने आख्खं घर त्याच्यावर चालवलं. हेलनने फक्त तुकडा टाकला. कोर्टात त्याला काही होणार नव्हतं, अँडीने मूळ कल्पना लिहिलेला नॅपकिन त्याने जाळलेला, साक्षीदार त्याच्या खिशात. पण मोनालिसा जाळणारा माणूस म्हणून जगभर नाव झालं की ते उरलेले तिघं आपोआप बाजू बदलतात. सत्यासाठी नाही हं, बुडत्या जहाजातून उड्या मारायच्या म्हणून. मला हा शेवट गोड वाटत नाही, कडवट वाटतो, आणि म्हणूनच आवडतो. तुम्हाला नाही आवडला तर मी समजू शकते.

उत्तररात्र

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

काल भाऊजींना धरून बसवलं आणि काही न बोलता ग्लासचा सीन लावला. पहिल्यांदा त्यांना काही दिसलं नाही, कारण ते बर्डीकडे बघत होते (सगळे बर्डीकडेच बघतात, म्हणूनच तिला तिथे नाचवलंय). मागे घेतला, परत लावला. मग थांबवायला सांगितलं. मग रिमोट स्वतःच्या हातात घेतला. पाच-सहा वेळा तरी पुढेमागे केलं असेल. शेवटी म्हणाले, "दिला रे ह्याने हातात." आणि लगेच पुढे, "म्हणजे ती नंतरची आठवण दाखवली ती खोटी. म्हणजे पिक्चर माझ्याशी खोटं बोलला. फसवणूकच झाली ना?"

म्हणजे भांडण आहे तिथेच आहे, फक्त आता ते सुरुवातीपासून परत बघायचा म्हणताहेत, कुठे कुठे खोटं बोललाय त्याची यादी करायला. वही घेतलीये. बहीण माझ्यावर चिडलीये.

पाटीपेन्सिल

वहीत एक माझ्याकडून पण लिहा. हेलनला गोळी लागल्यावर रक्त म्हणून जो हॉट सॉस वापरलाय तो पिक्चरमध्ये जेरेमी रेनर ह्या नटाच्या नावाचा आहे. आणि तुम्ही जो तिसरा भाग बघायला निघाला होतात त्यात जेरेमी रेनर स्वतः डॉक्टर होऊन आलाय.

उत्तररात्र

तिसरा भाग अजून बघितलेला नाही हो!! सांगताय कशाला